गळ्यावर वस्तरा, ओठांवर गाणं

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. कॅनन्सबर्गच्या पाइक स्ट्रीटवरून मी मान खाली घालून, निसरडं चुकवत चाललो होतो. संध्याकाळचे पाचच वाजले होते, पण अंधार असा की गावानं जेवणं उरकून दिवे मालवलेत असं वाटावं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि कुणीतरी गात होतं. मोठ्यानं नाही, शेजारी बसून गुजगोष्टी कराव्यात तसं, हळू आणि भरल्या आवाजात. मी आधी खिसा चाचपला, फोनवर चुकून काही सुरू झालं की काय म्हणून. मग वर बघितलं. गावच्या कचेरीपुढे ब्राँझचा एक माणूस उभा होता. गाणं तिथूनच येत होतं.

पुतळे आपल्याला नवे नाहीत. पुतळ्यापुढे लाउडस्पीकर लावून दुसऱ्या कुणाचं तरी भाषण ऐकवणं हेही नवं नाही. पण स्वतःच गाणारा पुतळा मी पहिल्यांदा पाहिला. खाली नाव होतं पेरी कोमो. मला काहीच अर्थबोध झाला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "थंडीनं डोकं गोठलंय तुमचं, चहा घ्या."

हे गाव अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर. वस्ती नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या वाईपेक्षाही कितीतरी लहान. जवळच साउथपॉइंट नावाचा मोठा ऑफिस पार्क आहे, तिथे मी नोकरीला. आता इथल्या टेकड्यांखालचा नैसर्गिक वायू आणि वरची सॉफ्टवेअरची ऑफिसं यांवर लोकांचं चालतं. शंभर वर्षांपूर्वी कोळसा, पोलाद आणि पत्र्याच्या गिरण्यांवर चालायचं. एके काळी इथे रेडियमही काढत, आणि ते बघायला १९२१ साली खुद्द मारी क्युरी येऊन गेल्या होत्या. एवढ्याशा गावाच्या मानानं इतिहास जरा जास्तच आहे.

पुतळ्याचा उलगडा झाला तो न्हाव्याच्या खुर्चीत.

परदेशात आल्यावर आपण डॉक्टर शोधतो, किराणा शोधतो, देऊळ शोधतो. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सला १९७६ पासून व्यंकटेश्वराचं देऊळ आहे, त्यामुळे ती सोय झाली. न्हावी मात्र शेवटी सापडतो. मॉलमधल्या दुकानांत मशीन फिरवून सात मिनिटांत बाहेर काढतात. ऑफिसातल्या एकानं गल्लीतल्या एका जुन्या दुकानाचा पत्ता दिला. आत दोन खुर्च्या, त्यातली एक बहुधा वर्षानुवर्षं रिकामी. भिंतीवर हॉकीच्या टीमचा फोटो, त्याच्या बाजूला मेरीमातेची तसबीर आणि त्याच्या बाजूला स्वेटर घातलेला एक हसरा माणूस. तो चेहरा मी ओळखला. मी विचारलं, "हाच ना तो पुतळ्यातला? गायक?"

म्हातारबुवांनी कात्री थांबवली. "गायक नंतर. आधी न्हावी."

त्या दिवशी माझ्या केसांचं काय झालं ते विचारू नका, कारण पाऊण तास म्हातारबुवांचं लक्ष केसांत नव्हतंच. पण नंतर मी वाचत गेलो, जुने कार्यक्रम बघत गेलो, आणि त्यांचं ते एक वाक्य मला अधिकाधिक पटत गेलं.

पेरी हे शाळेतलं अमेरिकी नाव. घरातलं नाव पिएरिनो. १८ मे १९१२ चा जन्म, तेरा भावंडांत सातवा. आईवडील इटलीतल्या अब्रुत्सो भागातल्या पालेना नावाच्या डोंगरी गावचे. कोकणातल्या वाड्याच्या वाड्या जशा मुंबईच्या गिरण्यांत उतरल्या, तशी अब्रुत्सोतली गावं पिट्सबर्गच्या आसपासच्या भट्ट्यांत उतरली होती. वडील पिएत्रो पत्र्याच्या गिरणीत कामगार. आवाज चांगला, गाण्याची हौस दांडगी. मुलांना गाणं यायलाच हवं हा त्यांचा हट्ट. जुनापाना ऑर्गन तीन डॉलरना विकत आणला होता. घरात बोलणं सगळं इटालियनमध्ये, त्यामुळे छोटा पिएरिनो शाळेत गेला तेव्हा त्याला इंग्रजीचा गंधही नव्हता.

हे वाचलं तेव्हा मी जरा थबकलो. आमची लेक इथल्या बालवाडीत गेली तेव्हा तिला इंग्रजी शब्द येत होते सहा-सात, त्यातले तीन रंग. पहिल्याच आठवड्यात तिच्या बाईंनी आम्हाला बोलावून काळजीच्या सुरात विचारलं होतं की घरी तिच्याशी कुणी बोलतं ना? आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. आमच्या घरात बोलणं ही कधी कमी पडलेली वस्तू नाही.

दहाव्या वर्षी पिएरिनो शाळेच्या आधी आणि नंतर एका न्हाव्याच्या दुकानात कामाला लागला. आधी झाडलोट, मग हळूहळू साबणाचा फेस, मग वस्तरा. तेरा वर्षांचा होतो न होतो तोच त्याला स्वतःची खुर्ची मिळाली. गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत हात पोचावा म्हणून तो खोक्यावर उभा राहायचा. वडिलांचं हृदय कमकुवत झाल्यावर घर चालवण्यात या कमाईचा मोठा वाटा होता. आणि हात चालू असताना तोंडानं गाणं चालूच.

म्हातारबुवांनी सगळ्यात रंगवून सांगितली ती ग्रीक लग्नांची गोष्ट. कॅनन्सबर्गात इटालियनांच्या जोडीला ग्रीकही खूप. इथलं सॅरिसचं प्रसिद्ध चॉकलेटचं दुकानही मूळ ग्रीक घराण्याचंच. ग्रीकांत रीत अशी की लग्नाआधी नवऱ्या मुलाची दाढी घरी, सगळ्या मित्र-नातलगांच्या समोर करायची. न्हाव्याला घरी बोलावणं जायचं. पोरसवदा पेरी वस्तरा, ब्रश घेऊन जायचा, नवऱ्याच्या गालाला फेस लावायचा आणि प्रेमाची गाणी म्हणत दाढी करायचा. एकेक पाहुणा येऊन पैशांचा आहेर ठेवायचा. हा गाणारा न्हावी इतका लोकप्रिय झाला की पिट्सबर्गपासून ओहायोपर्यंतच्या ग्रीक लग्नांची त्याला आमंत्रणं येऊ लागली.

मला हे ऐकताना वाई आठवलं. आमच्या लहानपणी लग्नघरात नाभिकाचा मान असायचा, नवऱ्याच्या दाढीला वेगळी ओवाळणी असायची. आणि बाजारपेठेतलं 'केशकर्तनालय' अशी पाटी असलेलं दुकान. मालकांना लहानथोर सगळे 'मामा'च म्हणायचे. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून मला वर बसवायचे, रेडिओ लावायचे आणि त्याच्यासोबत गुणगुणायचे. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवण्याची लय आणि गाण्याची लय एकच असायची. त्या वेळी हे लक्षात आलं नव्हतं. आज कळतं, ते गुणगुणणं स्वतःच्या करमणुकीसाठी नव्हतं. फळीवरचं पोर हलू नये म्हणून होतं. कानाजवळ धारदार पातं असताना माणसाला सैल सोडायला लावणं ही त्या धंद्यातली अर्धी विद्या आहे.

पेरी कोमोनं पुढे आयुष्यभर एवढंच केलं, असं माझं मत आहे. फक्त खुर्चीत एका गिऱ्हाइकाऐवजी अख्खी अमेरिका बसली.

१९३२ साली तो उत्तरेला मीडविल गावी एका नातेवाइकाच्या दुकानात काम करायला गेला. तिथल्या जवळपासच्या नाचघरांतून फिरते बँड येत. एका रात्री फ्रेडी कार्लोनच्या बँडनं श्रोत्यांतून कुणाला गायचं असेल तर या म्हणून पुकारलं. मित्रांनी ढकलत ढकलत याला वर नेलं. गाणं झालं आणि कार्लोननं नोकरीच देऊ केली. आता हिशेब बघा: न्हाव्याच्या धंद्यात आठवड्याला १२५ डॉलर सुटत होते, बँडमध्ये मिळणार होते २८. आणि काळ होता महामंदीचा. कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी बापानं काय सांगितलं असतं ते मी लिहायला नको. पिएत्रोनं सांगितलं, जा. नाही गेलास तर आपल्याला जमलं असतं की नाही हे जन्मभर कळणार नाही. पोरगा गेला. १९३३ च्या जुलैत त्यानं रोझेल नावाच्या आपल्या मैत्रिणीशी लग्नही केलं, आणि ते लग्न पासष्ट वर्षं टिकलं.

१९३६ मध्ये त्याला टेड वीम्स या मोठ्या बँडवाल्यानं घेतलं. इथला एक प्रसंग मला फार आवडतो. तेव्हा सगळ्यांचा देव होता बिंग क्रॉस्बी, आणि कोमोही त्याच्यासारख्या हरकती, मुरक्या, घसीट असलं सगळं गाण्यात ओतत होता. बँडचा कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या शिकागोच्या रेडिओ स्टेशननं तक्रार केली की या पोराचे शब्दच कळत नाहीत. वीम्सनं त्याला त्याचंच ध्वनिमुद्रण ऐकायला लावलं. ऐकून कोमो चाट पडला, कारण त्याचे शब्द त्याला स्वतःलाही लागेनात. त्या दिवसापासून त्यानं दागिने उतरवायला सुरुवात केली. उरलं ते साधं, सरळ, बोलल्यासारखं गाणं.

पुढे फिरतीचा कंटाळा आला. पोर लहान, बायकोबरोबर हॉटेलांच्या खोल्यांत संसार. १९४२ मध्ये वीम्स मर्चंट मरीनमध्ये, म्हणजे व्यापारी जहाजांच्या दलात भरती झाला, बँड मोडला, आणि कोमो सरळ कॅनन्सबर्गला परतला. जाहीर निवृत्ती वगैरे काही नाही. दुकानासाठी जागा बघायला लागला. तेवढ्यात न्यूयॉर्कहून फोन आला: रेडिओवर स्वतःचा कार्यक्रम आणि रेकॉर्डचा करार, येतोस का? याची जायची फारशी इच्छा नव्हती. रोझेल म्हणाली, नाही जमलं तर न्हाव्याचं दुकान पुन्हा कधीही काढता येईल. १९४३ मध्ये त्यानं आरसीए व्हिक्टरशी करार केला आणि पुढची चव्वेचाळीस वर्षं दुसऱ्या कुठल्याही कंपनीत गेला नाही.

आरसीए व्हिक्टर म्हणजे ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे कान टवकारून बसलेला तोच कुत्रा, जो आपल्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर बसलेला असायचा. ही दोन कंपन्यांनी आपापल्या मुलखात वापरलेली एकच खूण. आजोबांच्या कपाटातला तो कुत्रा मला इथल्या जुन्या बाजारात, कोमोच्या तबकडीवर भेटला तेव्हा गाववाला भेटल्यासारखं झालं.

आणि नातं फक्त कुत्र्याचं नाही. आपल्याकडे संगीत नाटकांच्या जमान्यात गळा कसा हवा, तर थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मग मायक्रोफोन आला, रेडिओ आला, आणि गजाननराव वाटव्यांसारखे भावगीतवाले आले, ज्यांना ओरडायची गरजच उरली नाही. शब्द नीट उच्चारायचा, भाव हळुवार ठेवायचा, ऐकणाऱ्याच्या माजघरात जाऊन गायचं. अमेरिकेत त्याच सुमाराला हीच उलथापालथ झाली; तिथे या मंडळींना क्रूनर म्हणत. मला कुणी विचारलं की पेरी कोमो कसा गायचा, तर मी सांगतो, भावगीत ऐकतोस ना? तसा. फक्त भाषा वेगळी आणि मागे शंभर व्हायोलिनं.

१९४५ मध्ये शोपँ या जुन्या पियानोवाल्या संगीतकाराच्या एका पोलोनेझवर, म्हणजे नाचाच्या धुनीवर बेतलेल्या त्याच्या गाण्यानं कहर केला, दहा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच्या आधीच, १९४४ च्या डिसेंबरात एनबीसी रेडिओवर त्याचा सिगारेट कंपनीनं पुरस्कृत केलेला 'चेस्टरफील्ड सपर क्लब' सुरू झाला होता. १९४६ मध्ये या कार्यक्रमाचं प्रक्षेपण चक्क उडत्या विमानातून केलं होतं. जाहिरातीसाठी माणसं काहीही करतात हे तेव्हाही खरंच होतं.

आता टीव्ही. कोमोचं खरं राज्य इथे.

१९४८ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी रेडिओच्या त्याच स्टुडिओत कॅमेरे आणून ठेवले आणि कार्यक्रम टीव्हीवर दिसू लागला. काही विशेष बदल नाही. तेच स्टँड, तीच कागदं. त्या वर्षी अमेरिकेत टीव्हीचा राजा होता मिल्टन बर्ल. बाईचे कपडे घालून, तोंडावर केक आपटून घेऊन, आरडाओरडा करून हसवणारा. रंगमंचावरची सगळी सर्कस त्यानं पेटीत कोंबली होती. कोमो समोर आला तो हात खिशात घालून, जणू शेजारच्या घरातून साखर मागायला आलाय. त्याला अभिनय येत नव्हता आणि तो करायच्या भानगडीतही पडला नाही. हॉलिवूडमध्ये दोन-चार सिनेमे करून त्यातून तो बाहेर पडला होता. पण टीव्ही म्हणजे थिएटर नाही, दिवाणखाना आहे, आणि दिवाणखान्यात येऊन ओरडणारा पाहुणा दर आठवड्याला नकोसा होतो, हे त्याला कळलं. शिकवून नाही, अंगचंच. न्हाव्याच्या दुकानात रोज तीच माणसं पुन्हा येतात, आणि ती पुन्हा येण्यावरच धंदा चालतो.

काही वर्षं पंधरा-पंधरा मिनिटांचे कार्यक्रम केल्यावर १९५५ च्या सप्टेंबरपासून एनबीसीनं त्याला शनिवारी रात्रीचा अख्खा तास दिला. समोर सीबीएस या प्रतिस्पर्धी वाहिनीवर जॅकी ग्लीसन. धिप्पाड, धो धो हसवणारा, तेव्हाचा सगळ्यात लोकप्रिय विनोदवीर. सगळ्यांना वाटलं हा बिचारा गोड गळ्याचा माणूस चिरडला जाणार. पण प्रेक्षकसंख्येत कोमो पुढे गेला. पुढच्या वर्षी कार्यक्रम न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरमधून रंगीत दिसू लागला, जेव्हा रंगीत टीव्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत होता. त्या वर्षांत त्याला टीव्हीसाठीचे एमी पुरस्कारही मिळाले.

मी हे जुने भाग बघितले. पहिल्यांदा बघताना, खरं सांगतो, कंटाळा आला. काही होतच नाही! स्टुलावर बसतो, पाहुण्याशी गप्पा मारतो, वरून निवेदक फ्रँक गॅलपचा घोगरा भुतासारखा आवाज येतो आणि त्याची फिरकी घेतो, हा हसतो. प्रेक्षकांच्या पत्रांचा गठ्ठा येतो, कोरस पत्रांचं गाणं म्हणतो आणि हा कुणाची तरी फर्माईश पूर्ण करतो. पण तिसऱ्या-चौथ्या भागाला लक्षात आलं की मी सोफ्यावर पसरलोय, खांदे खाली आलेत, आणि दिवसभराची डेडलाइन कुठे गेली ते आठवत नाही. हे सगळं थेट प्रक्षेपण होतं हे विसरू नका. चुकलं तर लाखो घरांत चुकलं. समोर कॅमेरा, घड्याळ, चीजच्या जाहिराती, चाळीस माणसांचा ताफा. आणि माणसाच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही. हात थरथरला तर गिऱ्हाइकाच्या गालातून रक्त येतं, हे ज्यानं तेराव्या वर्षी खोक्यावर उभं राहून शिकलंय, त्याला कॅमेऱ्याची काय भीती?

बिंग क्रॉस्बीनं म्हटलं होतं की सहजपणाचा शोध या माणसानं लावला. दाद मोठी होती, पण लोकांनी तिचा अर्थ आळस असा लावला. कोमो झोपाळू आहे, गाता गाता डुलकी घेतो, असले विनोद १९५० च्या दशकापासून चालू झाले. पुढे एका कॅनेडियन विनोदी कार्यक्रमात युजीन लेव्हीनं तर त्याची नक्कल आडवं पडूनच केली: कोमो जमिनीवर लोळत गातोय आणि आजूबाजूला नर्तकांची धावपळ. मी हसलो, खोटं कशाला बोला. पण जरा वाईटही वाटलं. सहज दिसणाऱ्या कामाचं असंच होतं. आपल्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की तुझी पोळी गोल कशी.

१९५७ च्या अखेरीस, रॉक अँड रोलनं तरुण पोरांना वेड लावलं होतं, तेव्हा या पंचेचाळिशीच्या माणसानं पडता तारा पकडून खिशात ठेवण्याचं एक अगदी साधं, बालगीताच्या वळणाचं गाणं म्हटलं. अमेरिकी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेनं अधिकृतपणे गोल्ड म्हणून प्रमाणित केलेली ती पहिली तबकडी. पहिल्यावहिल्या ग्रॅमी समारंभात त्याच गाण्यासाठी त्याला पुरुष गायकाचा पुरस्कार मिळाला. आणि १९५९ मध्ये क्राफ्ट या चीज कंपनीनं त्याच्याशी अडीच कोटी डॉलरचा करार केला. टीव्हीच्या इतिहासात तोवर एवढी रक्कम कुणी ऐकली नव्हती. त्यात सगळ्या निर्मितीचा खर्च धरला होता हे खरं. तरीही १२५ डॉलरच्या खुर्चीवरून उठलेल्या माणसासाठी बरीच मजल म्हणायची. त्याच काळातला त्याचा तो बटणांचा स्वेटर इथल्या आजोबा लोकांच्या कपाटात अजून लटकतोय. माझ्या बॉसलाही आहे.

आता एक गंमत सांगतो, जी मी नकाशा उघडून स्वतः शोधून काढली आणि ऑफिसात चार दिवस सगळ्यांना पकडून सांगितली. कॅनन्सबर्गहून गाडीनं पाऊण-एक तासावर, ओहायो नदीपलीकडे, स्टूबेनव्हिल नावाचं गाव आहे. तिथे १९१७ मध्ये डिनो क्रोचेत्ती जन्मला. घरात इटालियन बोली, शाळेत जाईपर्यंत इंग्रजी नाही. आडनाव बदलून तो झाला डीन मार्टिन: गायक, विनोदवीर जेरी लुइसचा जोडीदार, १९६५ ते १९७४ टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम करणारा, हातात ग्लास धरून तोही असाच निवांत. त्याचे वडीलही अब्रुत्सोचेच. आणि धंदा? न्हावी! पिट्सबर्गच्या दुसऱ्या बाजूला ॲलिक्विपाजवळ हेन्री मॅन्सिनी वाढला, तो पिंक पँथरच्या सुरावटीवाला. त्याचे वडील पोलाद कारखान्यात, गाव स्कानो, तेही अब्रुत्सोतच. एका डोंगराळ कोपऱ्यातून निघालेल्या, मजुरी करणाऱ्या तीन बापांची तीन पोरं. होबोकनचा गायक फ्रँक सिनात्रा सगळ्यांना माहीत असतो. त्याचा गळा, त्याची भांडणं, त्याचे राडे. या आमच्या डोंगराकडच्यांचं घोषवाक्य वेगळं: दमानं घ्या.

कोमो दमानंच घेत राहिला. १९६३ नंतर दर आठवड्याचा कार्यक्रम बंद करून महिन्यातून एखादा, मग वर्षातून काही. नाइट क्लबमध्ये गाणं त्याला आवडायचं नाही. १९७० मध्ये लास व्हेगासच्या मंचावर उभा राहिला तो तब्बल सव्वीस वर्षांनी. त्याच वर्षी आर्मांदो मान्सानेरो या मेक्सिकन संगीतकाराच्या चालीवरच्या गाण्यानं तो साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आला. ज्या वयात आपल्याकडे माणसं पेन्शनची कागदपत्रं शोधतात!

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, ऐंशीच्या पुढच्या. मी कोमोचं नाव काढलं तेव्हा त्यांनी गाण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणाल्या, "तो लागला की वडील बूट काढायचे." वडील खाणीत होते, घरी आले की तसेच बसून राहायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. शनिवारी मात्र बूट निघायचे. नाताळातल्या त्याच्या कार्यक्रमासाठी घरात भांडणं बंद असायची, कारण आईनं तशी अटच घातली होती. ते नाताळचे कार्यक्रम कोमोनं वर्षानुवर्षं केले, कुठे कुठे जाऊन. शेवटचा १९९४ चा, आयर्लंडमध्ये डब्लिनला. मी तो बघितला. आवाज थकलेला, श्वास पुरत नाही, काही जागा सुटतात. पण शब्द प्रत्येक कळतो.

१९९८ मध्ये रोझेल गेली. १२ मे २००१ रोजी, एकोणनव्वदावा वाढदिवस सहा दिवसांवर असताना, फ्लोरिडातल्या जुपिटर इथे कोमोही गेला. कॅनन्सबर्गातला पुतळा त्याच्या हयातीतच, १९९९ मध्ये उभा राहिला होता.

चार जुलैला इथे स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघते. लोक दोन दिवस आधीच फुटपाथवर आपापल्या खुर्च्या मांडून जागा धरून ठेवतात. रात्रभर रिकाम्या खुर्च्या रस्त्याकडेला, आणि कुणी हलवत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेल्या मला हे लगेच उमगलं. गेल्या वर्षी आम्हीही पुतळ्यापासून थोड्या अंतरावर तीन खुर्च्या टाकल्या. बँड पुढे गेले, अग्निशमनच्या गाड्या गेल्या, लेकीनं गोळ्या-चॉकलेटं गोळा केली, आणि दोन पथकांच्या मधल्या शांततेत मागून तोच आवाज ऐकू आला. कुणी वळून बघितलं नाही. देवळातल्या घंटेकडे गावकरी कुठे बघतात?

परवा केस कापायला गेलो तेव्हा लेक सोबत होती. शेवटी म्हातारबुवा मानेवर गरम फेस लावून उघड्या वस्तऱ्यानं केस काढतात. हे मॉलमध्ये मिळत नाही. वस्तरा फिरत होता आणि ते गुणगुणत होते. बाकावरून लेक मराठीत म्हणाली, "बाबा, हे आजोबा पण गातात?"

"काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"या गावातले सगळेच न्हावी गायचे," ते म्हणाले. "फोन एकालाच आला." आणि मी हसून मान हलवू नये म्हणून माझं डोकं दोन बोटांनी हलकेच खाली दाबलं.